पन्नास रुपये पार्किंग

जूनचा पहिला पाऊस पडला की आमच्या ऑफिसात दोन गोष्टी होतात. एक म्हणजे कॅन्टीनचं छत ठराविक कोपऱ्यात गळायला लागतं, आणि दुसरी म्हणजे 'वन डे ट्रिप'चे मेसेज फिरायला लागतात. सेल्फ ड्राइव्ह, रविवारी सकाळी सहाला चांदणी चौक, रात्री आठपर्यंत घरी. स्थळ म्हणजे मुळशी, ताम्हिणी, पवना, माळशेज, गूगल मॅपवर जे काही हिरवं दिसेल ते. आणि त्यात एक शब्द हमखास असतोच: 'एक्सप्लोअर'. ज्या रस्त्यावरून रोज दुधाचा टेम्पो जातो, एसटी जाते, दप्तर पाठीला लावून पोरं शाळेत जातात, तो रस्ता ही मंडळी एक्सप्लोअर करायला निघतात. वास्को द गामाच जणू!

मग सोमवारी तक्रारी. ट्रॅफिक किती होता, भजी कशी तेलकट होती, नेटवर्कच नव्हतं. यंदाची हिट तक्रार अशी: "अरे, गाववाल्यांनी गाडी लावायचे पन्नास रुपये घेतले. खंडणी आहे ही सरळ." असं म्हणणारा माणूस मल्टिप्लेक्समध्ये गाडी लावायचे तेवढेच पैसे निमूट देतो, आत जाऊन पॉपकॉर्नला कितीतरी पट जास्त देतो, आणि त्याला 'एक्सपिरियन्स' म्हणतो. मॉलच्या तळघरातल्या सिमेंटला भाव आहे. डोंगराच्या कडेची जागा मात्र फुकट, कारण तिला छत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना राग यायचाय त्यांना लवकर येईल. पन्नास रुपये कमी आहेत.

डिनायल ऑफ सर्व्हिस अटॅक म्हणजे काय हे वाचकांपैकी निम्म्या लोकांना मी सांगायला नको. उरलेल्यांसाठी: सर्व्हरकडे एकाच वेळी इतक्या रिक्वेस्ट पाठवायच्या की ज्यांच्यासाठी तो आहे त्यांनाच उत्तर मिळू नये. गंमत अशी की त्यातली एकेक रिक्वेस्ट सुटी बघितली तर अगदी साधी, सभ्य असते. जुलैतल्या रविवारी ताम्हिणीच्या रस्त्याचं नेमकं हेच होतं. एकेक गाडी सभ्यच असते. आत आई-बाबा, मागे पोरं, डिकीत पुऱ्या. पण धबधब्याच्या वळणावर दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की मधून एकच गाडी जाईल एवढी फट उरते, आणि त्या फटीत माणगावकडून येणारी एसटी अडकते. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची असते हा नियम ड्रायव्हिंग स्कूलमध्ये कुणी शिकवत नाही, आणि हल्ली तर काळ्या पाटीवर पिवळी अक्षरंवाल्या भाड्याच्या गाड्या घेऊन असे लोक येतात ज्यांनी आयुष्यात सगळ्यात मोठा चढ बघितलाय तो फ्लायओव्हरचा. धुक्यात चारी इंडिकेटर लावून गाडी चालवणाऱ्यांवर तर वेगळा लेख लिहायला हवा. असो.

एसटीत कोण असतं? रविवारी पौडला दवाखान्यात निघालेली म्हातारी असते. सोमवारची पहिली शिफ्ट गाठायला पिरंगुटच्या कंपन्यांकडे निघालेली पोरं असतात. लग्नाला निघालेलं कुणीतरी असतं. त्यांच्यासाठी ही 'ड्राइव्ह' नाही, तो रस्ता आहे. आपला सर्व्हर लोड घेईना तर आपण दुसरा उभा करतो. सह्याद्रीत दुसरी लेन हवी असेल तर डोंगर कापावा लागतो, आणि हा डोंगर साधा नाही. २५ जुलै २०२४ ला सकाळी मोजलेला ताम्हिणीचा २४ तासांचा पाऊस साडेपाचशे मिलीमीटरच्या वर होता. पुणे शहरात वर्षभरात पडतो त्याचा बराच मोठा हिस्सा एका दिवसात! अशा जागी रस्ता रुंद करा म्हणणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आता थोडं त्या 'व्ह्यू'बद्दल. कारण सगळ्यात जास्त फोटो त्याचे असतात. मुळशी धरणाच्या काठाकाठाने रस्ता जातो, एका बाजूला लांबच लांब पाणी, पलीकडे ढगात बुडालेले डोंगर. फोटोखाली 'अनटच्ड', 'व्हर्जिन नेचर' असलं काहीतरी लिहिलेलं. अरे बाबांनो, ते पाणी म्हणजे धरण आहे! त्याला हात लावूनच ते तिथं आणलंय. शंभर वर्षांपूर्वी त्या जागी मावळातली भरल्या घरांची गावं होती आणि आंबेमोहोर पिकवणारी खाचरं होती. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती, म्हणून टाटा कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाशी धरण बांधायला घेतलं. जमिनी रीतसर ताब्यात यायच्या आधीच खोदाई सुरू झाली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले. घोषणा होती 'जान किंवा जमीन'. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' हे नाव या लढ्याने दिलं, आणि शेवटी रेल्वे अडवल्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. राजेंद्र व्होरांनी या सत्याग्रहावर पुस्तक लिहिलंय, त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या नावातच याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलंय. लढा हरला. १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

आणि यातली इंजिनिअरिंगची गंमत बघा, म्हणजे गंमत म्हणायची की काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मुळेचं पाणी खरं तर पूर्वेला, पुण्याकडे येणारं. ते बोगद्यातून आणि पाइपांतून सह्याद्रीच्या पलीकडे, खाली कोकणात भिऱ्याला सोडलं, वीज केली, आणि मग ते कुंडलिका नदीत गेलं. कोलाडला जे रिव्हर राफ्टिंग करून तुम्ही ओरडत-बिरडत परत येता, त्या नदीला भर पडते ती भिऱ्याहून सुटणाऱ्या याच पाण्याची. म्हणजे शनिवारी मुळशीच्या काठावर ज्या पाण्याचा फोटो काढला, त्याच्यावरच रविवारी कोलाडला राफ्ट टाकता येते. एका बुडालेल्या खोऱ्यावर दोन दिवसांचं पॅकेज.

हे सगळं सांगून मला कुणाला अपराधी वाटायला लावायचं नाहीये. मुंबईची लोकल त्या विजेवर धावली, तिच्यातून माझेही नातेवाईक फिरले. मुद्दा एवढाच आहे की ज्या भागाने एकदा शहरासाठी जमीन दिली (दिली कसली, घेतली!), त्याच भागाकडून आता रविवारही फुकट मागायचा, आणि वर गाडी लावायचे पन्नास रुपये म्हणजे खंडणी म्हणायचं, याला जरा जास्तच कातडं लागतं.

माझ्या मामाचं गाव याच रस्त्यापासून थोडं आत आहे. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तर पुढच्या रविवारी तिथं पिन पडेल. मामाची चार खाचरं रस्त्याला लागून आहेत. तुम्ही गाडीतून बघता तेव्हा हिरव्या पायऱ्या दिसतात आणि त्यात वाकलेल्या बायका. सुंदर दिसतं, खोटं कशाला बोलू. पण ती लावणी आहे. मे महिन्यात राब भाजलेला असतो, त्यात रोप वाढवलेलं असतं, पावसाने ओढ दिली की ते करपतं, जास्त झाला की वाहून जातं, आणि लावणीचे नेमके दहा-बारा दिवस हातात असतात. चिखलणी झालेल्या खाचरात चप्पल घालून उभं राहता येत नाही, पाय चिखलात रुतून चप्पल तिथंच राहते. म्हणून सगळे अनवाणी. आणि रस्त्यावरून फेकलेली बिअरची बाटली बांधावर आपटली की तिची काच त्या चिखलात जाते. चिखलात काच दिसत नाही. ती पायाला कळते.

मामाला दोन वर्षांपूर्वी ती अशीच कळली. टाच चिरली, सात टाके पडले, ऐन लावणीत तीन आठवडे घरी. रोजंदारीवर माणसं बघायला गेलो तर मिळेनात, कारण सगळ्यांचीच लावणी एका वेळी. मामी मला म्हणाली, "त्यांना म्हनावं बाटल्या टाकताय ना, मग लावनी बी करून जावा." मामा त्यावर काही बोलला नाही. तो फारसा बोलतच नाही. पण त्यानंतर त्याने रस्त्याकडच्या खाचरात लावणीआधी एकदा लोखंडी दाताळं फिरवायला सुरुवात केली. म्हणजे दर वर्षी एक दिवसाचं काम वाढलं, काच वेचायचं. हे काम कुठल्या पर्यटन धोरणात मोडतं मला माहीत नाही.

आता तो लाडका मुद्दा. "आम्ही जातो म्हणून तर त्या लोकांना रोजगार मिळतो."

चला, हिशोब करू. एक गाडी, पाच माणसं. पेट्रोल पुण्यात भरलं. दारू पुण्यात घेतली. वेफर्स, कोल्ड्रिंक, बिस्किटं सुपरमार्केटमधून. जेवण रस्त्यावरच्या मोठ्या हॉटेलात, ज्याच्या मालकाचं घर कोथरूडला तरी आहे नाहीतर बाणेरला. गाडीचं भाडं अॅपवाल्या कंपनीला. ताम्हिणीत प्रत्यक्ष सुटलेले पैसे: पाच चहा, तीन कणसं. आणि ती कणसं घेताना ताडपत्रीखाली भिजत बसलेल्या बाईशी घासाघीस, की "मावशी, मंडईत तर वीसला मिळतं." मावशी, मंडईत पावसात विस्तव पेटवून भाजून देतात का? या संपूर्ण सहलीत गावाच्या वाट्याला जे येतं त्यापेक्षा जास्त रक्कम चांदणी चौकातल्या पेट्रोलपंपाला जाते.

यातली अडचण लोकांच्या स्वभावाची कमी आणि सहलीच्या रचनेची जास्त आहे. 'एका दिवसात' ही अटच घात करते. तुमची गाडी म्हणजे तुमचं हॉटेल, तुमची डिकी म्हणजे तुमचं किराणा दुकान, आणि अंधार पडायच्या आत घरी जायचंय. मग गावाची गरजच कुठं पडते? पूर्वी लोक एसटीने जायचे, शेवटची गाडी चुकली की कुणाच्या तरी पडवीत झोपायचे, पिठलं-भात खायचे, निघताना हातात काहीतरी ठेवायचे. तेव्हा सगळं छान होतं असा माझा दावा नाही. पण त्या प्रवासात गावाशी व्यवहार केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आता आपल्याला गावाशी काही कामच उरलेलं नाही. हवं असतं ते फक्त मागचं दृश्य.

"रोड टॅक्स भरतो आम्ही." भरता ना, मग रस्त्यावरून चालवा. रस्ता चालवायला आहे. लावायला, नाचायला, डिकी उघडून स्पीकर वाजवायला नाही.

"गाववाले पण कचरा करतात." करतात. त्यांच्या ग्रामपंचायतीकडे घंटागाडी नसेल तर करणारच. पण त्यांचा कचरा त्यांच्या दारात राहतो, आणि तुमचाही त्यांच्याच दारात राहतो.

पुढचा भाग जरा गंभीर आहे. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्याचा व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल, मला तो परत बघवत नाही. १५ जून २०२५ ला मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने कोसळला, चार जण गेले. तो पूल तिथल्या लोकांच्या ये-जा करण्यासाठी होता, वरून नदी बघत उभं राहायला नव्हता, आणि तो धोकादायक असल्याचं आधीच जाहीर झालेलं होतं. अशा वेळी दोर घेऊन उतरणारे लोक कोण असतात? लोणावळ्याच्या 'शिवदुर्ग मित्र'सारख्या संस्थांची पोरं. आपापली कामं सोडून येतात. त्यांना कुणी पन्नास रुपये पण देत नाही.

यावर सरकारचं उत्तर काय? बंदी. भुशीनंतर पुणे जिल्ह्यात जमावबंदीचे आदेश निघाले, पाण्यात उतरू नका, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नका, उघड्यावर दारू पिऊ नका. लोकांना वाटतं मी या बंदीच्या बाजूचा असणार. मुळीच नाही. आदेशातली एकेक गोष्ट बरोबर आहे, पण नाक्यावर चार पोलीस उभे करून सगळ्यांना परत पाठवणं हा आळशी माणसाचा उपाय आहे. सर्व्हर हँग होतो म्हणून प्लग काढून ठेवण्यासारखं. त्यात मार बसतो तो कणीसवाल्या मावशीला. तिचे पावसाळ्यातले मोजून आठ-दहा रविवार असतात, त्यातले तीन गेले तर तिनं काय करायचं? शहरातला माणूस तोपर्यंत नवीन जागा शोधतो, पिन टाकतो, आणि तीच गर्दी शेजारच्या खोऱ्यात जाते, जिथं ना पोलीस ना पार्किंग.

मला हवंय ते अगदी रटाळ आहे. पावती. गाड्या गावाबाहेर एका ठिकाणी लावा, मोजून लावा, जागा भरली की दोरी आडवी. तिथून पुढे गावातल्याच जीपने नाहीतर पायी. पैसे गावच्या समितीला. हे काही मी शोधून काढलेलं नाही. साताऱ्याजवळ कासला फुलांच्या दिवसांत असंच चालतं. २०१२ मध्ये युनेस्कोच्या यादीत नाव आल्यावर तिथं इतकी गर्दी व्हायला लागली की फुलं तुडवली जायला लागली. मग आसपासच्या गावांची समिती, दिवसाला ठराविक माणसं, ऑनलाइन बुकिंग, शुल्क, गावातलीच पोरं गाइड आणि राखणदार. सगळं आलबेल नाही. पठाराला कुंपण घातलं तर गुरं चरायची थांबली आणि त्याने फुलांचंच नुकसान होतं अशी ओरड झाली, शेवटी कुंपण काढलं. पण चूक झाली, लोकांनी सांगितली, दुरुस्त केली. आपण याला रिलीज सायकल म्हणतो आणि त्याचे पगार घेतो.

यावर हुशार मित्र म्हणतात, पैसे गावाला कुठले, गावच्या पुढाऱ्याला जाणार. असेलही. मॉलचे पैसे कुणाला जातात हे मात्र यांनी कधी विचारलेलं मी ऐकलं नाही. शंका खरी असेल तर उपाय सोपा आहे, पावती मागा. छापील, नंबर घातलेली. पावती नसेल तर भांडा, मी तुमच्या बाजूने भांडायला येतो. किती गाड्या आल्या, किती जमले, कशावर गेले, हे देवळाच्या भिंतीवर खडूने लिहा म्हणावं. पण 'पुढारी खाईल' म्हणून आपण द्यायचेच नाहीत, ही पळवाट फार सोयीची आहे.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. पैसे लावले तर गरिबांनी निसर्ग बघायचा नाही का? बाइकवर ट्रिपल सीट येणाऱ्या पोरांनी काय करायचं? मान्य. म्हणून पैसे माणसाला लावू नका, गाडीला लावा. एसटीने आला त्याला काही नाही. बाइकला दहा. चारचाकीला शंभर. आणि आत दोनच माणसं असतील तर दीडशे, का नाही? रस्त्यावर जागा अडवते ती गाडी. 'प्रवेश फी' नाही, जागेचं भाडं. बेंगळुरूच्या टेक पार्कात जागेला किती भाव आहे यावर तासभर बोलणाऱ्यांना हे समजायला अवघड जाऊ नये.

जमीन विकणाऱ्यांचं काय होतं ते 'मुळशी पॅटर्न' मध्ये २०१८ साली सगळ्यांनी शिट्ट्या मारत बघितलं. न विकणाऱ्यांवर कुणी सिनेमा काढत नाही. मामासारखी अजून न विकलेली बरीच माणसं या रस्त्याला आहेत, आणि दर पावसाळ्यानंतर एखादा एजंट येऊन चहा पिऊन जातो. भातातून काय मिळतं, इथं 'व्हिला प्लॉट' पाडू, असं सांगतो. खाचर कसून वर्षाला जे हातात येतं ते आणि एजंटचा आकडा यांची तुलना करायला इंजिनिअर लागत नाही. रस्त्याकडेच्या जागेचं रविवारचं भाडं त्या हिशोबात कसणाऱ्याच्या बाजूला चार पैसे टाकतं. ते पुरेसं आहे असं मी म्हणत नाही. पण खाचरांचे प्लॉट झाले की तुमचा तो हिरव्या पायऱ्यांचा फोटोही गेला, आणि मग तुम्ही आणखी पुढचं खोरं एक्सप्लोअर करायला निघणार.

ज्यांना वाद नको आणि नुसती ट्रिप हवी आहे त्यांच्यासाठी एक माहिती. दिवाळीनंतर या रस्त्याला कुणी नसतं. धबधबे आटलेले असतात, म्हणून. त्या वेळी भात कापून, झोडून झालेलं असतं, आणि घराघरात इंद्रायणी तांदूळ असतो. १९८७ साली जवळच्याच वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेलं वाण, आंबेमोहोराचं रक्त असलेलं. सुपरमार्केटमध्ये त्याच नावाने काय काय भरून विकतात ते जाऊ दे. गाडी घेऊन जा, डिकी रिकामी ठेवून जा, कुठल्याही घरासमोर थांबून विचारा, आणि भाव करू नका. मामी विकते, पण ती वजनाने देत नाही, पायलीने देते. पायली म्हणजे किती हे तिला विचारू नका, ती हसते.